‘कोणताही आजार नाही’ असे लिहिण्यापूर्वी

(परिचारिका दिनानिमित्त झालेल्या मेळाव्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींसमोर केलेले हे भाषण. बोलणाऱ्या ताई नर्सिंग ट्यूटर म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही. का, ते भाषणाच्या शेवटी त्यांनीच सांगितले आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

आणखी दोन-तीन महिन्यांत तुमची शेवटची परीक्षा होईल. निकाल लागला की कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचे, मग नोकरीसाठी अर्ज करायचे. कागदांचा मोठा गठ्ठा हातात येईल. मार्कशीट, जन्माचा दाखला, जातीचा दाखला, फोटो. त्यातच कुठेतरी आरोग्याचा एक कागद असतो. कधी तो डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला असतो, तर कधी आपणच सही करून द्यायचा मजकूर असतो. त्यावर एक छोटासा रकाना : पूर्वी किंवा सध्या काही आजार आहे का? आपण सगळ्याजणी तिथे काय लिहितो ते मला पक्के ठाऊक आहे. ‘नाही’. लिहिताना पेन जरासुद्धा अडखळत नाही.

मीही तसेच लिहिले होते. आणि ते खोटे होते.

साल १९७९. मी ट्रेनिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्याआधीचे काही महिने पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात काढले होते. क्षयाचे पेशंट इतरांच्या शेजारच्याच कॉटवर असायचे. खिडक्या थंडीत बंद. मास्क ऑपरेशन थिएटरपुरते. मला खोकला सुरू झाला, संध्याकाळी कणकण यायला लागली, युनिफॉर्म सैल झाला. होस्टेलमधल्या मुली चेष्टा करायच्या, की बारीक व्हायचे खूळ घेतलेस का? मला मात्र कळत होते. नर्सलाच कळणार नाही तर कोणाला? पण आमच्या पुढच्या बॅचमधल्या एका मुलीला याच आजारापायी घरी पाठवले होते. ती परत आली नाही. तिच्या वडिलांना बॉण्डचे पैसे भरावे लागले आणि गावात तिचे लग्न जमेना, हे सगळे आमच्या कानावर होते. म्हणून मी गप्प बसले. सहा आठवडे तशीच ड्यूटी केली. शेवटी रजेवर गेल्यावर तालुक्याच्या डॉक्टरांनी निदान केले. मग रोजचे स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन माझी खोलीतली मैत्रीण दार लावून द्यायची आणि रिकाम्या बाटल्या आम्ही रुमालात बांधून वॉर्डच्या बादलीत नेऊन टाकायचो. वर्षाच्या वर औषध चालले. त्याच काळात परीक्षा झाली, कागद भरले, आणि त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिले.

आता ऐका, ज्यासाठी मी हे सांगते आहे. त्या सहा आठवड्यांत माझी ड्यूटी मुलांच्या वॉर्डात होती. माझ्या खोकल्यामुळे एखाद्या लेकराला लागण झाली का? मला कधीही कळणार नाही. इतकी वर्षे झाली तरी तो प्रश्न माझ्याबरोबर आहे. चूक माझी होती, हे मी नाकारत नाही. पण त्याबरोबर दुसराही एक प्रश्न मी विचारते. हा आजार मला वॉर्डात, ड्यूटीवर लागला. तो मी ज्यांच्याकडे काम करत होते त्यांच्यापासूनच मला का लपवावा लागला? ‘आजार असेल तर सांगा, रजा मिळेल, उपचार होतील, तुमची जागा राहील’ असे त्या कागदावर लिहिले असते, तर मी पहिल्याच आठवड्यात सांगितले असते. क्षयाचे औषध नीट सुरू झाले की बहुतेकांचा संसर्ग काही आठवड्यांत थांबतो. म्हणजे मी गप्प बसल्याने माझेही नुकसान झाले आणि पेशंटचेही. त्या रकान्याने रक्षण झाले ते फक्त कागदाचे.

माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. जो प्रश्न फक्त बाहेर काढण्यासाठी विचारला जातो, त्याला खरे उत्तर मिळत नाही. आणि खरे उत्तर मिळाले नाही की पेशंट सुरक्षित राहत नाही.

आपल्याकडे डॉक्टर होणाऱ्या पहिल्या बाईचे उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हाच त्यांची प्रकृती बरी नव्हती. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या वॉर्डाचे काम त्यांना देऊ केले गेले, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. आजचा फिटनेसचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला असता तर त्या काय लिहित्या? आणि ज्यांच्या वाढदिवशी आपण आज जमलो आहोत, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल? क्रिमियाहून परतल्यावर १८५७ पासून कित्येक वर्षे त्या आजारी होत्या. पुष्कळसे काम त्यांनी अंथरुणावरूनच केले. नर्सिंगच्या शपथेत आपण ज्यांचे नाव घेतो, त्यांनाच आजच्या फॉर्मने ‘अनफिट’ ठरवले असते!

बाईच्या बाबतीत हा रकाना आणखी खोल जातो. नीरा माथुर यांचा खटला तुम्ही ऐकला नसेल. १९८९ साली त्यांना आयुर्विमा महामंडळात नोकरी लागली. त्यांच्याकडून जो फॉर्म भरून घेतला त्यात काय विचारले होते? पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती वेळा दिवस राहिले, गर्भपात झाला का! पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्या रजेवर असतानाच त्यांना कामावरून काढले. कारण काय, तर फॉर्ममध्ये पाळीची तारीख चुकीची सांगितली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले, आणि असे प्रश्न बाईला लाज आणणारे आहेत, ते फॉर्ममधून काढून टाका, असे महामंडळाला सांगितले. सांगा, पुरुष उमेदवाराला असा एक तरी प्रश्न होता का? आणि आजही खासगी दवाखान्यांत मुलाखतीला गेले की तोंडी काय विचारतात? ‘लग्न झाले का? मूल कधीचा विचार आहे?’ कागदावरचा रकाना गेला, पण विचारणाऱ्यांच्या डोक्यातला गेला नाही.

दुसरा खटला आपल्या मुंबईचाच, १९९७ सालचा. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराची तपासणी झाली, एच.आय.व्ही. निघाला, आणि त्याचे नाव यादीतून कमी केले. तो कामाला ठणठणीत होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला नाव न उघडता खटला चालवू दिला. आणि निकाल असा दिला, की माणूस काम करण्याजोगा असेल आणि त्याच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना खरा धोका नसेल, तर केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून त्याला नोकरी नाकारता येणार नाही. वीस वर्षांनी, २०१७ साली, याचा कायदा झाला आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्याआधी एच.आय.व्ही.ची तपासणी करायला लावणे बेकायदा आहे. न्यायालयाच्या हुकमाशिवाय कोणालाही आपली एच.आय.व्ही.ची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. पोरींनो, हे पाठ करून ठेवा. कारण तुम्हाला ‘सगळ्यांचीच टेस्ट करतो, त्यात काय’ असे कोणीतरी म्हणणार आहे.

आता इंग्लंडकडे वळते, कारण तुमच्यातल्या कितीतरीजणी तिकडे जायची स्वप्ने बघत आहात. तिथल्या नर्सेसच्या रजिस्टरवर परदेशात शिकून आलेल्यांत आज भारतातून गेलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. तिथे नाव नोंदवताना आणि पुढे दर तीन वर्षांनी आपल्या आरोग्याबद्दल आणि वर्तणुकीबद्दल लेखी जाहीर करावे लागते. हा प्रश्न तिथे इतका कडक का झाला यालाही कारण आहे. १९९१ साली तिथल्या एका नर्सने वॉर्डातल्या चार मुलांचा जीव घेतला. १९९४ सालच्या चौकशी समितीने मग नर्सिंगला येणाऱ्यांच्या मानसिक आजाराच्या इतिहासावर बारीक नजर ठेवायला सांगितले. भीती खरी होती. मुले खरोखर गेली होती. पण त्या भीतीची झळ कोणाला लागली? नैराश्यासाठी कधीकाळी गोळ्या घेतलेल्या, फिट्स येणाऱ्या, मधुमेह असलेल्या हजारो साध्या मुलींना.

२००७ साली तिथल्या अपंग हक्क आयोगाने नर्सिंग, शिक्षण आणि समाजकार्य या तीन व्यवसायांतल्या आरोग्याच्या अटींची रीतसर चौकशी केली. निष्कर्ष स्पष्ट होता. अशा सरसकट अटींमुळे लोकांचे रक्षण होत नाही, उलट सुरक्षिततेचा खोटा भास होतो. अपंग आणि आजारी माणसे व्यवसायाच्या दारातूनच परत जातात, आणि जी आत येतात ती आजार लपवून ठेवतात. या अटीच काढून टाका, अशी आयोगाची शिफारस होती. अटी संपूर्ण गेल्या नाहीत. पण आज तिथल्या कौन्सिलचा प्रश्न बदललेला आहे. तुला काय झाले होते, यापेक्षा ते तुझ्या सुरक्षित काम करण्याच्या आड येते का, यावर त्याचा भर आहे. मधुमेह आहे पण आटोक्यात आहे, नैराश्य आहे पण उपचार चालू आहेत आणि काम नीट होते, तर तो अडथळा मानत नाहीत. म्हणून तिकडचा फॉर्म भरताना घाबरून खोटे लिहू नका. प्रश्न नीट वाचा.

अमेरिकेतही हीच लढाई चालू आहे. तिथे डॉक्टरांना आणि नर्सेसना राज्याचे लायसन्स लागते आणि कित्येक राज्यांचे अर्ज वर्षानुवर्षे विचारत आले, की तुम्हाला कधीही मानसिक आजार झाला होता का? हा ‘कधीही’ शब्द फार वाईट. वयाच्या अठराव्या वर्षी घेतलेला सल्लासुद्धा त्यात येतो. २०१८ साली तिथल्या वैद्यकीय मंडळांच्या महासंघाने सांगितले, की विचारायचेच असेल तर सध्या कामात अडथळा आणणाऱ्या आजाराबद्दल विचारा. त्यानंतर करोनाची पहिली लाट आली. न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात तातडीच्या विभागाच्या प्रमुख असलेल्या डॉ. लोर्ना ब्रीन एप्रिल २०२० मध्ये आत्महत्येने गेल्या. मदत घेतली तर लायसन्स जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. २०२२ साली त्यांच्या नावाने तिथे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी कायदा झाला. ज्या बाईने दुसऱ्यांना उपचार घ्या म्हणून सांगण्यात आयुष्य घालवले, तिला स्वतःला उपचार घ्यायची भीती वाटावी, याहून मोठा आरोप त्या रकान्यावर कोणता करायचा?

आपल्या देशात काय आहे? २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. त्यात मानसिक आजार, सिकल सेल, थॅलेसेमिया धरून एकवीस प्रकार आहेत. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. ‘वाजवी सोय’ करून देणे ही मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. आणि २०२४ साली महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठी गोष्ट सांगितली. त्याला बोलण्याचे अपंगत्व होते. राखीव जागेसाठी ४० टक्के अपंगत्व हवे, आणि ४० टक्क्यांच्या वर गेले की एम.बी.बी.एस.ला अपात्र, असा तेव्हाचा अजब नियम होता! न्यायालय म्हणाले, नुसत्या टक्क्यांवरून कोणाला बाहेर काढू नका. हा मुलगा हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, ते तपासून मंडळाने कारणांसह लिहावे. नर्सिंगच्या प्रवेशासाठी आजही ‘मेडिकली फिट’ एवढे दोन शब्द पुरतात. कशासाठी फिट? कोणत्या कामासाठी? ते कोणी लिहीत नाही. हे दोन शब्द आपण बदलून घ्यायला हवेत.

कोणी म्हणेल, ताई, मग पेशंटचे काय? त्यांना हक्क नाही का? आहे! पहिला हक्क त्यांचाच आहे. नर्सचा हात थरथरत असेल, तिला वॉर्डात चक्कर येत असेल, तिला न तपासलेला खोकला असेल, तर ते तिने सांगितलेच पाहिजे आणि त्या दिवशी त्या कामावरून बाजूला झालेच पाहिजे. पण हे ती सांगणार केव्हा? सांगितल्यावर आपल्याला सांभाळून घेतील असा तिला भरवसा असेल तेव्हाच.

मी ट्यूटर असताना एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिला फिट्स यायच्या. दोन वर्षे तिने लपवले होते. नाईटला लागली की जागरणाने त्रास वाढायचा, म्हणून ती कोणाकडून तरी ड्यूटी बदलून घ्यायची आणि त्यांच्या उपकाराखाली राहायची. माझ्यासमोर बसून रडली. मला माझे १९७९ आठवले. मी तिच्या डॉक्टरांकडून पत्र मागवले, मेट्रन मॅडमशी बोलले. तिला नाईट द्यायची नाही, आय.सी.यू.त एकटी ठेवायची नाही, त्याऐवजी सकाळच्या आणि रविवारच्या जास्त ड्यूट्या तिने करायच्या, असे ठरले. बाकीच्या मुली कुरकुरल्या, ‘तिचे लाड का?’ म्हणाल्या. हेही खरे आहे, मैत्रिणींनो. वरचे लोकच वाईट आणि आपण सगळ्या चांगल्या, असे नाही. त्या मुलींबरोबर बसून बोलावे लागले. आज ती एका वॉर्डाची सिस्टर इन्चार्ज आहे. तिचा आजार गेला नाही. तिचे लपवणे तेवढे गेले.

आता चार कामाच्या गोष्टी सांगते आणि थांबते.

एक, प्रश्न दोनदा वाचा. ‘कधी’ विचारले आहे की ‘सध्या’? आजार विचारला आहे की काम करण्याची क्षमता? जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर द्या. जे विचारलेले नाही ते भरभरून सांगायची गरज नाही. पण खोटे लिहू नका. आजारापेक्षा खोटेपणा पुढे जास्त महागात पडतो. नीरा माथुर जिंकल्या हे खरे, पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद आपल्यातल्या कितीजणींकडे आहे?

दोन, डॉक्टरांकडून पत्र घ्या. ‘अमुक आजार आहे’ एवढेच लिहिलेले पत्र उपयोगाचे नाही. ‘उपचार चालू आहेत, हे हे काम करू शकते, एवढी सोय लागते’ असे लिहून घ्या. द्याल त्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवा. मानसिक आजारावरचे उपचार गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला दिला आहे. डॉक्टर परस्पर तुमच्या साहेबांना सांगू शकत नाहीत. क्षयाची नोंद सरकारच्या आरोग्य खात्याकडे करणे २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे, पण ती नोंद म्हणजे तुमच्या मालकाला पाठवलेली चिठ्ठी नव्हे.

तीन, सुई टोचली, क्षयाच्या पेशंटजवळ काम करताना खोकला लागला, तर त्याच दिवशी लेखी नोंद करा. ‘जाऊ दे, उगीच कटकट’ म्हणू नका. सुई टोचल्यावर एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. शिवाय आजार ड्यूटीवर लागला याचा पुरावा उद्या तुमच्याजवळ तोच असेल.

चार, एकटीने लढू नका. युनियन आहे, संघटना आहेत, आपला हा गट आहे. आणि मैत्रिणीने तुम्हाला काही सांगितले तर ते तुमच्याजवळच राहू द्या. दार लावून मला इंजेक्शन देणारी माझी मैत्रीण नसती, तर मी आज इथे उभी नसते. पण कोणाला दार लावावेच लागू नये, असे मला वाटते.

आपली मागणी म्हणून हे लिहून घ्या. नोंदणीचा आणि नोकरीचा प्रत्येक फॉर्म फक्त कामाबद्दल विचारील. पाळी, लग्न, गर्भ यांबद्दल काही विचारणार नाही. आणि त्या प्रश्नाखालीच लिहिलेले असेल, की सांगणारीला रजा, उपचार आणि सोय मिळेल, तिची जागा जाणार नाही.

मगाशी संपादक ताई म्हणाल्या, हे भाषण अंकात छापू या. मी हो म्हटले, पण नाव घालू नका म्हणून सांगितले. माझी नोकरी संपली, पेन्शन सुरू आहे, मला आता कोणी काढू शकत नाही. पण घरात भाचीचे लग्न ठरायचे आहे, आणि ‘त्यांच्याकडे मावशीला टीबी होता’ हे वाक्य अजून आपल्या समाजात चालते. म्हणजे बघा, तो रकाना माझ्या मागे अजून आहेच. तुम्ही माझ्या वयाच्या व्हाल तेव्हा तुमच्या मागे तो नसावा, एवढ्यासाठी आज बोलले.